मॉर्मनांच्या दारी कीर्तन

ते दोघे पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा माझे हात कणकेने भरलेले होते. अमेरिकेतल्या चँडलरमधलं जूनचं ऊन, पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी, सायकली आमच्या गॅरेजच्या दाराला टेकवलेल्या. मॉर्मन पंथाची ही तरुण पोरं दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचार करत हिंडतात. घाम पुसत त्यातला एक म्हणाला, "मॅम, तुम्ही येशू ख्रिस्ताबद्दल कधी ऐकलंय का?"

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले पहिले म्हणजे माझे पणजोबा. वडील जन्मभर सुवार्तिक, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या बाजारांत उभं राहून येशूची गोष्ट सांगणारे. आमच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत भाजी गार होऊन जायची. आणि मला विचारतायत, ऐकलंय का! कातडीचा रंग बघून अंदाज बांधला होता, दुसरं काय. पण उन्हातून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची रीत आमच्याकडे नाही. चहा त्यांना चालत नाही, म्हणून लिंबाचं सरबत दिलं आणि म्हटलं, "ऐकलंय. तुमच्या जन्माआधीपासून. बसा, सांगते."

ती पोरं आणखी तीन-चारदा आली. आमच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जोडीला मॉर्मन आणखी एक ग्रंथ मानतात, तो मला देऊन गेली. मी तो वाचला, सगळा नाही, पण मनापासून. पटला नाही. तसं त्यांना तोंडावर सांगितलं, तर ती रागावली नाहीत, थँक यू म्हणून सायकलवर बसून पुढच्या घरी गेली. गुणी पोरं होती. पण त्यानंतर माझ्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. ही माझ्या दारात येतात तेव्हा त्यांना कुणी उद्धट म्हणत नाही. मग मी त्यांच्या दारात गेले तर काय बिघडलं?

मी तेव्हा रिकामीच होते. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली. मला नोकरीला मनाई. लेकीला शाळेतून आणायचं, पोळ्या लाटायच्या, लायब्ररीत जाऊन बसायचं. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होते, हे तिथे कुणाला सांगायची सोय नव्हती. माणसाला बोलायची सवय असली आणि ऐकणारं कुणी नसलं की काय होतं, ते मला विचारा.

शेजारच्या मेसा गावात मॉर्मनांचं मोठं मंदिर आहे. पांढरंशुभ्र, भोवती हिरवळ आणि संत्र्यांची झाडं. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत त्या हिरवळीवर येशूच्या जीवनावर नाटक होतं. फुकट असतं, सगळ्यांना खुलं असतं, आणि माणसं घडीच्या खुर्च्या नि चादरी घेऊन लोंढ्याने येतात. मंदिराच्या आत मात्र असं जाता येत नाही. आत जायला पात्रतेचा दाखला लागतो. आपल्या पंथातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन तो मिळवावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा नवा करून घ्यावा लागतो.

हे मला आमच्या शेजारणीने सांगितलं. तीही मॉर्मन. दर आठवड्याला काही ना काही भाजून आणून द्यायची, माझ्या लेकीच्या तापात रात्रभर तिने फोनवर सोबत केली होती. एकदा बोलता बोलता म्हणाली, "थोरल्या मुलाचं लग्न आत झालं. माझ्याकडे तेव्हा दाखला नव्हता, म्हणून मी बाहेर हिरवळीवर बसले होते. हवा छान होती." तिने तक्रार केली नव्हती. नियम होता, तिने मानला होता. पण मला ती हिरवळीवर बसलेली दिसत राहिली, चांगला ड्रेस घालून, पर्स मांडीवर घेऊन. लेकराच्या लग्नात आई बाहेर! माझा देव असा दाखला मागत नाही, हे कुणीतरी तिला आणि तिच्यासारख्यांना सांगायला हवं, असं मला वाटलं. आजही वाटतं. कुणाला हे आगाऊपणाचं वाटत असेल तर खुशाल वाटो.

पहिल्या वर्षी मी नाटकाच्या वेळी मंदिराबाहेरच्या फुटपाथवर नुसती बघायला गेले. तिथे आमच्यासारखेच, म्हणजे मॉर्मनांना उपदेश करणारे, पाचपंचवीस लोक आधीच उभे होते. एकाच्या हातात भोंगा, दुसऱ्याच्या हातात नरकाच्या ज्वाळा काढलेली पाटी. रांगेतून चाललेल्या बायकांच्या कानाजवळ भोंगा नेऊन ते ओरडत होते. मला बघून एकाला आनंद झाला, त्याने माझ्याही हातात पाटी दिली. मी ती वाचली आणि त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, "माझे वडील चाळीस वर्षं बाजारात उभे राहिले. त्यांनी अशी पाटी धरली असती तर लोकांनी त्यांना कांद्यांनी मारलं असतं, आणि बरोबर केलं असतं."

वडील कीर्तन करायचे. ख्रिस्ती कीर्तन ही आमच्याकडची जुनी रीत. अंगात सदरा, हातात टाळ, शेजारी पेटीवाला, मागे ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरायला दोघंतिघं. आधी नमन, मग एखादं पद, मग गोष्ट, आणि गोष्टीच्या पोटात हळूच आपलं म्हणणं. भांडायला आलेला माणूस गोष्ट संपेपर्यंत भांडत नाही, असं ते म्हणायचे. बांगड्यांच्या आणि मिरच्यांच्या दुकानांमध्ये उभं राहून मी लहानपणी त्यांच्या मागे ध्रुपद धरत असे. धुळीने घसा धरायचा, पण मजा यायची.

तेव्हा दुसऱ्या वर्षी मी टाळ घेऊन गेले आणि मेसाच्या फुटपाथवर इंग्रजीत कीर्तन केलं. हसा. मीही हसले असते. इंग्रजीत ओवी बसत नाही, 'तैसे'ला शब्द सापडत नाही, आणि साडीवर बूट घालून उभं राहिलेल्या बाईला बघून निम्मे लोक हिला मंदिराने नाटकासाठीच बोलावलंय असं समजत होते. पण टाळ वाजला की मुलं थांबायची, मुलं थांबली की आया थांबायच्या. मी पणजोबांची गोष्ट सांगायचे. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना विहिरीवर यायला बंदी केली. त्यांनी नि पणजीने आपल्या खडकाळ तुकड्यात स्वतः विहीर खणली. लोक हसले. पाणी लागलं. पुढे दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा तीच माणसं घागरी घेऊन बांधावर येऊन उभी राहिली. मागायची लाज वाटत होती. पणजोबा उठले आणि पहिल्या माणसाच्या हातात दोर दिला. नाव नाही, जात नाही, दाखला नाही. मग मी माझं म्हणणं मांडायचे, की देवाची कृपा अशी असते, ती कमवायची नसते, विहिरीच्या पाण्यासारखी ओढून घ्यायची असते. आणि ध्रुपद मराठीतच ठेवलं होतं, मीच जुळवलेलं:

घ्या हो पाणी, घ्या हो पाणी,
कोण कुणाचा, पुसू नका.

भोंगेवाले माझ्यावर चिडले. मी सुवार्तेची सर्कस केली म्हणाले. मॉर्मनांमधल्या एक आजीबाई मात्र खुर्ची उघडून समोर बसल्या, सगळं ऐकलं, आणि म्हणाल्या, "मुली, मला तुझं पटत नाही. पण तुझे पणजोबा मला आवडले." मी ते बक्षीस म्हणून घेतलं.

त्याच वर्षी एका पोलिसाने माझं ओळखपत्र बघितलं. काही झालं नव्हतं. फुटपाथ सार्वजनिक आहे, रस्ता अडवू नका, एवढंच तो सौजन्याने सांगून गेला. पण घरी हे सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला.

"अगं, आपलं ग्रीन कार्ड अडकलंय. उद्या काही केस झाली तर? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"मी काय चोरी केलीय?"

"नाही केलीस. पण तुझ्या मागे कोण आहे? कोणीच नाही. तू एकटी बाई, डिपेंडंट व्हिसावर. एक काम कर, चर्चचा सपोर्ट आण. ते म्हणाले ना, ही आमची आहे, तर खुशाल जा. नाहीतर हे बंद. प्रॉमिस कर."

मी वचन दिलं. माझं काम तिथे टिकणार की नाही, ते त्या वचनावर टांगलं गेलं. मला वाटलं होतं, पाठिंबा मिळवणं काय अवघड! चर्चकडे सुवार्तेसाठी पाठिंबा मागणं म्हणजे वाण्याकडे मीठ मागण्यासारखं.

आधी मराठी मंडळात चाचपून पाहिलं. तिथे गणपतीला मोदक करायला मी जायचे, त्यांनी मला कधी परकं मानलं नव्हतं. नुसतं दोघंतिघं सोबत येऊन उभं राहा, इतकंच मागणं होतं. नागपूरच्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "अगं बाई, कशाला दुसऱ्यांच्या देवात हात घालतेस? किती चांगले लोक आहेत ते! दारू नाही, सिगरेट नाही. उद्या तुझ्यामुळे आम्हा सगळ्या इंडियन्सकडे वाकडं बघतील." मी म्हटलं, "काकू, चांगले आहेत म्हणूनच जाते. वाईट लोकांशी कोण बोलत बसणार?" त्यांनी माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि विषय संपवला.

मग आमचं चर्च. मोठं, अमेरिकन, पार्किंगमध्ये हरवायला होईल असं. तिथे मिशनच्या कामाला माणसं नि पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला एक कमिटी होती. अनेक महिने ईमेल झाल्यावर त्यांनी मला बोलावलं, आणि नवऱ्यालाही घेऊन या म्हणाले. ईस्टर तोंडावर आला होता.

खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता, त्यावर रंगीत टाचण्या. हिंदुस्थानात इतक्या टाचण्या टोचल्या होत्या की नगर शोधायला जागा उरली नव्हती. अमेरिकेत एकही नाही. कमिटीचे प्रमुख निवृत्त गृहस्थ होते, पांढऱ्या मिशांचे, खरोखर प्रेमळ. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, कॉफी दिली. मी माझं काम सांगायला सुरुवात केली. पणजोबांच्या विहिरीवर आले तशी टेबलाभोवतीची माणसं पुढे सरकली. एका बाईंचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलं.

प्रमुख म्हणाले, "अद्भुत! हीच गोष्ट आम्हाला हवी आहे. तुम्ही वर्षभर आमच्या वेगवेगळ्या गटांपुढे ती सांगाल? इंडियातल्या कामासाठी लोक उघड्या हाताने देतील. तुम्हाला इंडियात जाऊन काम करायचं असेल तर आम्ही पूर्ण पाठीशी उभे राहू."

"आणि मेसाचा फुटपाथ?"

ते खाली बघून कप फिरवू लागले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले की ते नाजूक आहे. मॉर्मन म्हणजे आपले शेजारी, कुणाचा डेंटिस्ट, कुणाच्या मुलाचा कोच, कुणाचा धंद्यातला भागीदार. संबंध बिघडतात. तेव्हा फुटपाथ सोडावा, आणि इंडियाचं काम हाती घ्यावं. डोळे भरून आलेल्या बाईंनी मध्येच विचारलं, "फोटोसाठी तुम्ही साडी नेसाल ना? एखादी लाल? लाल रंग छान येतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती मी त्या टेबलावर सोडली. म्हटलं, "तुमच्या लोकांनी समुद्र ओलांडून येऊन आमच्या बाजारात उभं राहून सुवार्ता सांगितली, तेव्हा आमचे शेजारी बिघडले, आमचं पाणी बंद झालं. तेव्हा नाजूक कुणाला वाटलं नाही. ते मिशन झालं. मी इथे उभी राहिले की ते आगाऊपण. आमच्या शेजाऱ्यांना देव हवा आणि तुमच्या शेजाऱ्यांना नको? का तुमच्या नकाशात सांगणारे फक्त इकडून तिकडे जातात?"

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. प्रमुख म्हणाले, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. मी म्हटलं, "भावना नाहीत. प्रश्न आहे. माझे पणजोबा मी तुम्हाला फोटोसाठी देणार नाही. हिंदुस्थानात सांगायला माझे भाऊ आहेत. मी इथे राहते, मी इथे सांगणार." आणि उठले. नवरा इतका वेळ कॉफीच्या कपात बघत बसला होता. तोही उठला, सगळ्यांना थँक यू म्हणाला, खुर्च्या नीट आत सरकवल्या.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. रागाचंच. चर्च नाही म्हणालं होतं आणि मी वचन दिलं होतं. आमच्या घरात वचन मोडायची पद्धत नाही. यंदा मेसात कुणी गोष्ट सांगणार नव्हतं. नवऱ्याने घराकडचं वळण चुकवून एका किराणा दुकानासमोर गाडी थांबवली.

"पोलिसांची भीती मला नव्हतीच," तो म्हणाला.

"मग?"

"माझा मॅनेजर मॉर्मन आहे. दरवर्षी फॅमिलीला घेऊन ते नाटक बघायला जातो. आपल्या ग्रीन कार्डच्या पेपर्सवर सही त्याची आहे, यार. तुला तिथे बघितलं असतं तर? म्हणून चर्च-चर्च करत बसलो. मला माहीत होतं ते नाही म्हणतील. मला वाटलं, तू आपोआप थांबशील."

असा राग आला की दार उघडून चालत घरी जावं. सगळं वर्ष मी दारोदार फिरले होते, आणि हा मनातल्या मनात मला मिळणाऱ्या नकाराची वाट बघत होता. मी बोलले ते इथे लिहीत नाही. आमचा संसार अजून चालू आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "आत त्यांनी साडीचा रंग विचारला. तू तिथे उभी राहून नक्की काय म्हणतेस, ते एकानेही नाही विचारलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, मीपण कधी नाही विचारलं. सांग ना."

मी नाक पुसलं आणि सांगितलं. दुकानासमोर, ट्रॉल्या ढकलत जाणाऱ्या लोकांच्या देखत, डॅशबोर्डवर ठेका धरून, नमनापासून शेवटापर्यंत.

"ध्रुपद कोण धरतं?" त्याने विचारलं.

"कोण धरणार? मीच म्हणते आणि मीच धरते."

"मग दम कधी खातेस?" तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. "वचनातून सुटलीस तू. जाऊ आपण."

नाटकाच्या संध्याकाळी तो ऑफिसातून थेट मेसाला आला, कमरेला कंपनीचं कार्ड तसंच लटकलेलं. गाण्याचं अंग त्याला नाही. घरी वाढदिवसाचं गाणंसुद्धा तो ओठ हलवून भागवतो. माझ्या मागे एक पाऊल सोडून टाळ घेऊन उभा राहिला. रांग सरकत होती, खुर्च्या नि चादरी घेऊन माणसं चालली होती. बरीच थांबली. मी पणजोबांची विहीर खणत होते तेव्हा मला त्याचा टाळ एकदम बंद पडल्याचं जाणवलं. मी मान वळवली नाही, पण समोर बघितलं. रांगेत एक उंच गृहस्थ बायकोमुलांसह थांबले होते आणि माझ्या खांद्यावरून मागे, त्याच्याकडेच बघत होते. ओळख पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गोष्ट मध्येच सोडता येत नाही, म्हणून मी ती पुढे नेली. बांधावर घागरी आल्या, पणजोबा उठले, त्यांनी दोर हातात दिला. ध्रुपदाची जागा आली आणि मागे शांतता. तो गेला असेल तर त्याला दोष द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि स्वतःच धरायला श्वास घेतला.

तेवढ्यात मागून आवाज आला. बेसूर, फुटलेला, पट्टी सोडून भलतीकडे गेलेला. "घ्या हो पाणी, घ्या हो पाणी." मॅनेजर साहेबांनी आ वासला, त्यांच्या धाकट्या मुलीने टाळ्या वाजवल्या. ध्रुपद दोनदा म्हणायचं असतं, हे मी त्याला गाडीत शिकवलं होतं. दोनदा झालं. मी पुढचं वाक्य उचलणार, तोच तो माझ्या शेजारी पुढे येऊन उभा राहिला, साहेबांकडे सरळ बघत टाळ आपटला, आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.